भिंगावरचं छत्र

महाराजांचा फोटो तिसऱ्यांदा पांढराफटक आला आणि दसरा चार दिवसांवर होता.

"यात आम्ही कुठे आहोत?" सांबरगडच्या महाराजांनी विचारलं.

"मधोमध, सरकार," दाजीबा म्हणाला. पहिल्या खेपेला 'हे सरकारांचं तेज' म्हणून त्याने वेळ मारून नेली होती. तेच तेज तिसऱ्यांदा कोण विकत घेणार?

दाजीबा लोंढे मूळचा छत्रधारी. एकोणीस वर्षं त्याने महाराजांच्या डोक्यावर छत्र धरलं. विलायतेहून कॅमेरा आला, तेव्हा 'ऊन-सावली याच्याइतकी कुणाला कळते?' म्हणून महाराजांनी त्यालाच फोटोग्राफर केलं. दाजीबाला त्यातली फक्त सावली कळत होती, पण दरबारात नाही म्हणायची सोय नव्हती.

भिंग मोठं नामी होतं. मेणबत्तीच्या उजेडातही फोटो काढायचं. महाराज म्हणाले, मेणबत्तीवर इतका छान, तर भर दुपारी किती छान येईल! कॅमेऱ्याचा खटका कितीही झटकन पाडला तरी ऊन आत घुसायचंच. भिंगाचं तोंड जरा आवळू द्या, अशी दाजीबाने हात जोडून विनवणी केली.

"आमच्या घराण्यात शत्रूपुढेही कुणी डोळे बारीक केले नाहीत," महाराज म्हणाले. "भिंग पूर्ण उघडं राहील. दसऱ्याला, भर बारा वाजता, आम्ही हत्तीवर. फोटो आला नाही, तर तू हत्तीखान्यात शेण काढायला!"

दाजीबा घरी आला आणि बायकोपुढे मटकन बसला.

"सगुणा, राजाला एकोणीस वर्षं उन्हातून वाचवलं, पण एवढंसं भिंग वाचवता येईना. माझ्यापेक्षा ती छत्रीच शहाणी होती गं."

बोलता बोलता तो थांबला आणि उठून फडताळ उपसायला लागला. तिथे ग्रहण बघायची काच होती, दिव्यावर धरून काजळी चढवलेली. दुसऱ्या दिवशी त्याने सगुणाला अंगणात उन्हात उभं केलं आणि काच भिंगापुढे धरून फोटो काढला. तो काळाकुट्ट आला.

"अहो, तुम्हाला सूर्य बघायचाय की महाराज?" सगुणाने विचारलं.

मग दाजीबा फिकट काजळीच्या काचा करत बसला. हात काळे, नाक काळं. फोटोग्राफरापेक्षा तो कोळशाचा व्यापारी दिसू लागला. चौथ्या काचेतून सगुणाच्या कपाळावरची आठी लख्ख उतरली. ती काजळी पुसली जाऊ नये म्हणून त्याने वर दुसरी स्वच्छ काच बांधली.

दसऱ्याचा फोटो दरबारात आला. महाराजांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा! मागच्या हत्तीवरचे दिवाण मात्र धुरकट डाग झाले होते.

दिवाणांचा पारा चढला. "सरकार, याने भिंग आवळलं! नाहीतर फोटो येतोच कसा?"

"भिंगाचं तोंड आवळलं, की जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट येतं. तसं केलं असतं, तर मागचे दिवाणसाहेबही स्पष्ट आले असते," दाजीबा म्हणाला. "ते धूसर आले, हीच माझी साक्ष."

महाराजांच्या मिशा हलल्या.

"पण भिंगापुढे काळी काच होती, मी पाहिली!" दिवाण म्हणाले. "म्हणजे भिंग झाकलंच की."

दाजीबाला हत्तीखाना दिसू लागला. शेणाचा वासही आला. मग तो वाकून म्हणाला, "सरकार, उन्हात आपल्या डोक्यावर मी छत्र धरायचो. तेव्हा मी सरकारांना झाकत होतो का? इतकी वर्षं मला वाटलं, तो मान आहे. तोच मान भिंगाला दिला."

महाराज हसू लागले. हसता हसता त्यांनी पुन्हा धुरकट दिवाणांकडे पाहिलं आणि त्यांना ठसकाच लागला.

"दाजीबा, आजपासून तू उन्हात फोटो काढशील, तेव्हा तुझ्याही डोक्यावर छत्री धरायला माणूस राहील!"

माणूस लगेच हजर झाला. छत्री उघडली. दाजीबाने मान वर करून पाहिलं. एकोणीस वर्षं दांडा धरून उन्हात तळलेल्या त्या शहाण्याला तेव्हा कळलं, की छत्रीखाली चांगलंच गार असतं.