ठकूबाईची माळ

ऐका, आणि उगीच खोटंखोटं खोकू नका. आपल्या जांबुळखेड्यात खोकल्याची चेष्टा करत नाहीत.

तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्याही आधीची गोष्ट. तेव्हा गावात ठकूबाई नावाची माळीण होती. लसूण पिकवायची आणि लसणीनंच औषधं करायची. पोराचा कान ठणकला, की लसणीचं कोमट तेल. जंत झाले, की लसूण. बाळंतिणीला लसूण, आखडलेल्या गुडघ्याला लसूण. ठकू येतेय हे दोन शेतं अलीकडे वासावरून कळायचं, असं म्हणतात.

पण कांदेनवमी झाली, की चार महिने लसूण बंद. त्या साली तर रखमाजी पाटलानं कहरच केला. घरोघरची लसूण गोळा करून ओढ्यात सोडली. वर दवंडी पिटली, चातुर्मासात ज्याच्या घरी लसूण सापडेल तो वाळीत! ठकूबाईनं बियाण्याची एक माळ तेवढी कणगीत लपवली.

आणि श्रावणात डांग्या खोकला आला. मेला असा आला, की पोरं खोकून खोकून निळी पडायची. ओढ्याला पूर, वैद्य पलीकडच्या गावात. पाच दिवसांत दोन पोरं गेली. ठकूबाई तेव्हा वाळीत पडायच्या भीतीनं गप्प बसली होती. हेही सांगायलाच हवं.

सहाव्या दिवशी रखमाजीचा नातू धापा टाकायला लागला. तीन वर्षांचा, एकुलता एक. भर दुपारी रखमाजीची सून भागू धावत आली आणि ठकूबाईच्या पाया पडली. "मावशी, काहीतरी करा हो. त्याला श्वासच पुरत नाही!"

ठकूबाईनं कणगीतली माळ काढली, राजरोस गळ्यात घातली आणि सगळ्या गावादेखत चालत निघाली. रखमाजी दारात आडवा उभा राहिला.

"ठकू, उंबरा ओलांडलास तर वाळीत टाकीन."

"टाका की! राहूच्या चिरलेल्या गळ्यातून अमृत सांडलं, त्याची लसूण झाली. राहूचं उष्टं म्हणून देवाला नको, मान्य. पण पाटील, थेंब अमृताचाच आहे. सरका!"

तेवढ्यात आत पोरगं खोकायचं थांबलं. बरं वाटून नव्हे रे बाबांनो, त्याला श्वासच येईना. भागूनं हंबरडा फोडला. ठकूबाई पाटलाला ढकलून आत शिरली, माळ खाली टाकली, पोराला उपडं धरून पाठ चोळायला लागली आणि ओरडली, "माझे हात गुंतलेत. ठेचणार कोण?"

कुणी हलेना. शेजारीपाजारी नुसते बघत उभे. मग रखमाजीच खाली बसला. ज्यानं जन्मात चातुर्मासात लसणीला बोट लावलं नव्हतं, त्यानं गड्डा फोडला, पाटा-वरवंटा न शोधता मुठीनंच फरशीवर ठेचला आणि नातवाच्या छातीला, तळव्यांना चोळला, नाकाशी धरला. पोरानं आचका दिला आणि असा टाहो फोडला, की देवळातली घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात.

त्या एका माळेवर ठकूबाईनं गावातली उरलेली झाडून सगळी पोरं वाचवली. पाकळ्या काही संपेनात, असंही म्हणतात.

त्या संध्याकाळी रखमाजी हात न धुता आरतीला गेला. पुजारी कुजबुजला, "पाटील, हाताला वास येतोय."

"येऊ दे. दोन पोरं माझ्या दवंडीनं गेली. देवाला कळू दे मी कुठल्या हातांनी आलोय," असं म्हणून रखमाजी तिथंच रडला.

आजही आपल्याकडे श्रावणात एक दिवस ठकूबाईचा असतो. व्रत कितीही कडक असो, त्या दिवशी घरातला थोरला माणूस स्वतः लसूण ठेचतो, पोरांच्या तळव्यांना चोळतो आणि हात न धुता देवळात जातो. पुजारी दारात प्रत्येकाचे हात हुंगतो. ज्याच्या हाताला वास नाही, त्याला त्या दिवशी आरतीला उभं करत नाहीत.