पिस्तुलाच्या गोळीची रायफल

"मग यात वाईट काय आहे, बुवा?"

मांडीवरची रायफल थोपटत उदाजी इंगवले विचारत होता.

सुभेदारबुवा फाटक्या घोंगडीला टाका घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

एके काळी ते फौजेत नेमबाजी शिकवायचे. पेन्शनीत आल्यावर जिल्ह्याच्या गावी पोरांना शिकवू लागले. उदाजी त्यांचा पहिला चेला. पुढे एक दिवस बुवांनी स्वतःच्या बंदुका सरकारजमा केल्या आणि मांडरवाडीच्या वरच्या टेकडीवर, या पडक्या मठीत येऊन राहिले. का, ते कुणाला सांगितलं नाही.

उदाजी मात्र दिवाळी झाली की पाया पडायला यायचा. आता त्याच्याकडे पदकं होती, शहरात स्वतःचा नेमबाजीचा क्लब होता, खाली रस्त्यावर जीप उभी होती. आणि या खेपेला ही नवी रायफल होती.

"तुम्ही हातात तरी घ्या," तो म्हणाला. "नळी रायफलीची, दस्ता रायफलीचा, गोळी आत सारणारा बोल्टही रायफलीचा. पण गोळी पिस्तुलाची! कमरेच्या पिस्तुलात जाते तीच. एकच डबी खिशात टाकायची आणि निघायचं."

त्यानं एक काडतूस घोंगडीवर ठेवलं. करंगळीच्या पेराएवढं.

बुवांनी ते पाहिलं.

"एवढ्या लांब नळीला एवढीशी गोळी?"

"तीच तर गंमत आहे. दारू थोडी, नळी लांब. दारू आतल्या आत जळून जाते. बाहेर आवाज येतो तो फक्त..." उदाजीनं चुटकी वाजवली. "एवढा."

"आणि खांद्याला?"

"काही नाही. लाथच मारत नाही. माझी बायको हसत हसत चालवते."

"आमचा खांदा दोन दोन दिवस ठणकायचा."

"आता नाही दुखत, बुवा."

"कुणाला?"

उदाजी हसला. म्हातारं माणूस थट्टा करतंय, असं त्याला वाटलं.

बाहेर अंगणात एक बाई सूप घेऊन हरभरा निवडत बसली होती. दाराकडे पाठ, डोईवर पदर; सुपाच्या सळसळीत आतलं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. उदाजी तिच्याच अंगावरून आत आला होता. ती बाजूला सरकली होती आणि त्यानं पाहिलं नव्हतं.

"आणि हा बोल्ट बघा." त्यानं बोल्ट मागे ओढला, पुढे सारला. तेलपाणी केलेलं लोखंड हळूच बोललं. "लोक म्हणतात, हातानं कशाला ओढत बसायचं? आपोआप भरणारी घे ना. त्यांना कळत नाही. एक गोळी मारायची. थांबायचं. बोल्ट ओढायचा. श्वास घ्यायचा. मगच दुसरी. मन कसं एका जागी येतं! ध्यानच म्हणा ना. हे तुम्हीच शिकवलंत मला."

"मी ध्यान शिकवलं?"

"थांबायला शिकवलंत."

बुवांनी दातानं दोरा तोडला.

"मारलंस काय हिनं?"

"डुकरं. इथंच, खाली. ओढ्याच्या अलीकडे माझ्या मित्राचा मळा आहे. डुकरांनी ऊस पार लोळवला होता त्याचा. परवानगी काढली, कागद रीतसर आहेत. गेल्या महिन्यात एक दिवस येऊन गेलो."

"इथवर आलास आणि वर आला नाहीस."

उदाजी जरा ओशाळला. "घाई होती, बुवा. संध्याकाळ झाली होती."

"सगळी जागच्या जागी पडली?"

"सगळी. एक सोडून."

बुवांनी मान वर केली.

"एक मोठा सुळेवाला होता. त्याला लागली, पण तो ओढा ओलांडून पलीकडच्या उसात शिरला. फुप्फुसात लागली होती. आत जाऊन मेला असणार."

"असणार."

"अंधार पडत होता, बुवा. उसात कसं शिरायचं?"

"सकाळी?"

"सकाळी क्लबात पोरं येतात. मग स्पर्धा होती. राहून गेलं."

"कुणाला सांगितलंस? ओढ्यापलीकडच्या माणसांना?"

"कशाला? कुणी विचारायलाच आलं नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही." उदाजी पुढं वाकला. त्याचा चेहरा उजळला होता. "पूर्वी एक बार झाला की सगळं गाव गोळा व्हायचं. कुणी मारलं, काय मारलं, वाटा कुणाचा. नको तो गोंधळ. आता आपलं काम आपण करायचं आणि गुपचूप निघून यायचं. बुवा, खरं सांगतो, हिचं सुख असेल तर ते हेच आहे."

बुवांनी सुई घोंगडीत खोचली.

मग त्यांनी हात पुढं केला.

उदाजीला भरून आलं. इतक्या वर्षांत बुवांनी बंदुकीला हात लावला नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी रायफल त्यांच्या हाती दिली.

बुवांनी घोंगडीवरचं काडतूस उचललं आणि मठीच्या मागं गेले. तिथं मातीचा उंच बांध होता. उदाजी मागोमाग गेला.

म्हाताऱ्यानं काडतूस भरलं. दस्ता खांद्याला लावला.

टक्...

बांधाची थोडी माती घरंगळली. झाडावरचं एक पाखरूही उडालं नाही.

"बघितलंत?" उदाजी पुटपुटला.

बुवा उत्तर न देता परत आत आले आणि उंबऱ्याजवळ उभे राहिले.

"राऊबाई, आत्ता काही ऐकलंस का गं?"

बाईचा हात सुपात थांबला.

"व्हय की. फांदी मोडली न्हवं का मागं? वाळकी असंल."

"तसंच वाटलं?"

"तसंच वाटलं बुवा." ती अजून पाठमोरीच होती. खडा काढून तिनं बाजूला टाकला. "त्या रोजी बी अशीच मोडली हुती..."

"कुठल्या रोजी?"

"मालक गेलं त्याच्या आदल्या रोजी. सांजंला. आमचं मालक वसरीला भाकरी खात बसलं हुतं. म्हणालं, वड्याकडची बोर मोडली वाटतं. उद्या येताना जळणाला घिऊन येतो. सकाळी उसाला पाणी पाजाय गेलं... ते तसंच."

उदाजी दाराच्या आत उभा होता.

"डुक्कर आलं अंगावर. मांडीपासनं प्वाटापतूर फाडलं. मी गेले तवा पाणी वाहतच हुतं पाटातनं. लाल."

तिनं आणखी एक खडा वेचून टाकला.

"आता गावात म्हणत्यात, प्याला असंल. पिऊन डुकराला दगड मारला असंल, न्हाई तर ते कशाला उठतंय माणसावर? दीर बी तसंच म्हणतोय. माझ्या पोरीच्या सासरी बी तेच पोचलं." तिचा आवाज चढला नाही. "बुवा, त्यांनी उभ्या जल्मात दारू शिवली न्हाई. पर मी कुणाकुणाला सांगू? डुक्कर उठलं त्याचं कारण मला बी ठावं न्हाई."

"बार झाला असता तर?"

"तर कशाला गेलं असतं ते? बार झाला की म्हातारी माणसं सांगतातच, जखमी जनावर हाय, दोन दिस उसाकडं फिरकू नगा." तिनं सूप पाखडलं. "पर बार झालाच न्हाई की."

बुवा आत वळले. रायफल त्यांच्या हातात होती.

उदाजी भिंतीला टेकला होता. मघाचा उजेड त्याच्या तोंडावर उरला नव्हता.

"ते दुसरंच असेल," तो हळू आवाजात म्हणाला. "रानात डुकरं काय थोडी आहेत? माझ्या डुकराला फुप्फुसात..."

"खुब्यात लागली होती. ओढ्यात मरून पडलं होतं. गावानं कुजक्या वासानं तोंड फिरवलं. मी खाली उतरून बघून आलो. भोक एवढंसं. पिस्तुलाच्या गोळीचं. पिस्तूल घेऊन डुकरं कोण मारतं, ते मला कळत नव्हतं, म्हणून कुणाला काही बोललो नाही. आज तू आलास."

उदाजी खाली बसला. त्यानं बुवांचे पाय धरायला हात पुढं केले. बुवा मागं सरले.

"मी ही रायफल फेकून देतो. आत्ता. दरीत टाकतो."

"तिनं काय केलं?"

"मग तुम्ही ठेवून घ्या."

"म्हणजे तू हलका होऊन उतरशील."

"मला शिक्षा द्या, बुवा. सांगाल ते करतो. वर्षभर इथं राहतो, झाडलोट करतो, पाणी भरतो..."

"झाडलोट ती करते. नवरा गेल्यापासून. घरात बसवत नाही म्हणून."

उदाजीनं तोंड झाकून घेतलं. बाहेर सुपातले हरभरे सळसळत होते, थांबत होते, पुन्हा सळसळत होते.

मग तो म्हणाला, "तिला सांगायला हवं. पण आज नको. आधी वकिलाशी बोलतो. परवाना आहे, क्लब आहे, पोरं आहेत माझ्याकडे शिकायला. सगळंच जाईल, बुवा. मी नाही म्हणत नाही. फक्त थोडं थांबतो. रीतसर..."

"थांबायला मीच शिकवलं तुला," बुवा म्हणाले.

त्यात राग नव्हता. राग असता तर उदाजीला बरं वाटलं असतं.

बुवांनी रायफल त्याच्या हातात दिली. दाराकडे बोट केलं आणि स्वतः घोंगडीपाशी जाऊन बसले. सुईत दोरा ओवू लागले. दोरा काही जाईना.

उदाजी उठला. दारात घुटमळला. खाली वळणावर त्याची जीप दिसत होती. अंगण ओलांडलं की पायवाट, आणि पायवाट उतरली की जीप. बाईची पाठ होती. ती वळली नसती.

तो अंगणात उतरला. चार पावलं पायवाटेकडेच पडली.

मग तो परत फिरला आणि राऊबाईच्या समोर उकिडवा बसला.

तिनं दचकून पदर पुढं ओढला. कुंकवाची जागा मोकळी होती. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या रायफलीकडे. तिला त्यातलं काही उमगलं नाही.

त्याचे ओठ हलले.

"काय म्हणालासा, दादा?"

तो पुन्हा काहीतरी बोलला. शब्द घशातच जळून गेले.

"ऐकू न्हाई आलं," राऊबाई म्हणाली, आणि सूप खाली ठेवून त्याच्याकडे कान केला.

आतून, सुईवरची नजर न काढता, सुभेदारबुवा म्हणाले,

"मोठ्यानं, उदाजी."