मोठ्या हाताचं माप

“ही निवडली कुणी?”

“मीच.”

“हाताकडं बघून?”

डॉ. सुकुमार ऐतवडे पुढं सरकले. समोर चटईवर ठेवलेलं रिव्हॉल्व्हर त्यांनी उचललं आणि मुठीत धरून दाखवलं. पॉइंट टू टूचं, आठ घरांचं, आठ दिवसांपूर्वीच घेतलेलं, नवं कोरं. त्यांच्या पंजात ते जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसत होतं.

उस्ताद दस्तगीर शिकलगार चष्मा पुसत बघत राहिले.

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत उस्तादांची खोली होती. त्यांचे पूर्वज तलवारींना धार लावत. पुढं घराण्यातले बाकीचे सतारीच्या तुंब्यांकडं आणि तारांकडं वळले, हे एकटे हत्यारांपाशी राहिले. आता शहात्तराव्या वर्षी ते परवानाधारकांच्या बंदुकांचे दस्ते आणि मुठी तेवढ्या बसवून देत.

ऐतवडे गुरांचे डॉक्टर होते. अडलेली गाय सोडवायला चार गावांतून त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांचा पंजा जेवणाच्या ताटाएवढा होता.

“करंगळी खाली लोंबते,” डॉक्टर म्हणाले. “चापावर बोटाचं टोक यायला पाहिजे, तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जातं. ओढलं की नळी बाजूला सरकते. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे. बत्तीसची मोठी घेऊ का?”

“तुमच्या फाटकाच्या पलीकडं काय आहे?”

“रस्ता.”

“आणि रस्त्याच्या पलीकडं?”

“...अंगणवाडी.”

“लहानच ठेवा,” उस्ताद म्हणाले. “हिची गोळीसुद्धा तिथवर जाते. पण मोठीचा विचार सोडा.”

“मग हिची मूठ करून द्या. गुरुवारच्या आत.”

“आज सोमवार.”

“गुरुवारी माझी साक्ष आहे.”

एका दूध संकलन केंद्रावर भेसळ चालायची. डॉक्टरांनी ती डोळ्यांनी पाहिली होती आणि तसा जबाब दिला होता. तेव्हापासून दोघं जण मोटरसायकलवरून यायचे. फाटकासमोर थांबायचे, इंजिन बंद करायचे. बोलायचे नाहीत, शिवी द्यायचे नाहीत. दहा मिनिटं नुसते बसायचे आणि निघून जायचे. पोलिसांनी शिफारस केली आणि परवाना मिळाला. डॉक्टरांनी बायकोला आणि मुलीला माहेरी पाठवून दिलं होतं.

“त्यांनी एकदा तरी हात उचलला असता तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. “नुसतं बसतात हो...”

शेजारच्या घरात कुणीतरी सतारीची तार ताणली. टण्णकन आवाज झाला.

डॉक्टर दचकून उभे राहिले होते. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी खिडकीकडं बघण्याचं निमित्त केलं आणि परत बसले.

उस्तादांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. गोळ्यांची चक्री बाहेर काढली, उजेडाकडं धरली. आठही घरांच्या कडेवरून नख फिरवलं. सावकाश, एकेका घरावरून.

“रिकाम्यावर किती वेळा ओढता?”

“म्हणजे?”

“काडतूस न घालता. चाप.”

“...सवय व्हावी म्हणून. मोजत नाही.”

“या जातीच्या काडतुसाला ठोका मधोमध बसत नाही. कडेला बसतो. आत काडतूस नसलं की तो ठोका चक्रीच्या कडेवर पडतो. बघा, आठही घरांवर खड्डे पडलेत. आठ दिवसांत नवी वस्तू जखमी केलीत तुम्ही.” उस्तादांनी वर बघितलं. “दिवसभर ओढता?”

“उस्ताद, मी शिकलेला माणूस आहे. कायदा, नियम, सगळं वाचलंय. मला सल्ला नको. मूठ पाहिजे.”

“हो.” उस्तादांनी कोपऱ्यातलं मेणाचं भांडं पुढं ओढलं. रिव्हॉल्व्हरची जुनी मूठ उतरवली, गरम मेणाचा गोळा आतल्या उघड्या दांडीभोवती दाबला आणि ते पुढं केलं. “धरा. जसं धरता तसं.”

डॉक्टरांनी धरलं. मेण बोटांच्या फटींतून बाहेर आलं, दांडीचं लोखंड उघडं पडलं.

उस्तादांनी ते काढून घेतलं, मेण खरवडलं, पुन्हा लावलं.

“धरा.”

पुन्हा तेच झालं.

तिसऱ्यांदाही मेण पिळून निघालं, तेव्हा उस्तादांनी भांडं बाजूला सारलं. “याची मूठ होत नाही.”

“का?”

उस्तादांनी चक्री पुन्हा बाहेर काढली. एका घरात त्यांनी काडीला गुंडाळलेलं फडकं फिरवलं. फडक्यावर काळं आलं.

“एक उडवलीय.”

“...नेम बघायला.”

“नेम बघायला माणूस एक उडवत नाही, डॉक्टर. दहा उडवतो.”

शेजारी तार हळूहळू सुरात येत होती.

“कुणावर?” उस्तादांनी विचारलं.

“त्यांच्यापैकी असेल असं वाटलं...”

“कोण होतं?”

डॉक्टरांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. ते थरथरत होते आणि एवढे मोठे हात लपवायला जागा नव्हती.

“जिनगोंडा मगदूम,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. गेल्या मंगळवारी सकाळी, नुकतं उजाडलं होतं. फाटकाची कडी वाजली. डोक्यावरून घोंगडं घेतलेला एक माणूस आत आला. हात घोंगड्याच्या आत होते. डॉक्टरांनी हाक मारली नाही. कोण आहे ते विचारलं नाही. दारातूनच चाप ओढला.

बोट जास्त आत गेलं. नळी सरकली. गोळी फाटकाच्या खांबात घुसली. मगदुमांच्या उजव्या कानाला जवळजवळ चाटून.

“त्यांनी घोंगडं खाली घेतलं,” डॉक्टर म्हणाले. “पासष्टीचा माणूस. पाच वर्षं मी त्यांची जनावरं बघतोय. ते माझ्याकडं बघत उभे राहिले... मग म्हणाले, ‘डाक्टर, गाय आडलीया. चला.’”

“गेलात?”

“गेलो. वासरू मागच्या पायांकडून येत होतं. हात आत घातला तेव्हा हा हात थरथरत नव्हता, उस्ताद. कसा कोण जाणे. गाय वाचली. वासरूही वाचलं.”

“मगदूम काय म्हणाले?”

“काहीच नाही. कुणालाही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नातवाच्या हाती खरवस पाठवला. डबा भरून.”

“खाल्लात?”

“...नाही. घशाखाली उतरेना. नासला, टाकून दिला.”

“आणि डबा?”

“घरीच आहे.”

उस्तादांनी रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळलं. परवाना बघून पावती लिहिली आणि हत्यार लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“डबा देऊन या,” ते म्हणाले. “मग माप घेऊ.”

डॉक्टर ताडकन उठले. “गुरुवारी साक्ष आहे माझी! मधल्या दिवसांत ते आले तर? मी रिकाम्या हातानं बसू?”

“रिकाम्या हातानं जनावरांना बघता की.”

“ते वेगळं!”

“पावती घ्या.”

डॉक्टरांनी पावती घेतली नाही. ते रागानं पायऱ्या उतरले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. दारात उभं राहून त्यांनी पावती हिसकावल्यासारखी घेतली आणि गेले.

मंगळवारी दुपारी मोटरसायकल आली. डॉक्टर खिडकीच्या आड उभे होते. उशीखाली काही नव्हतं, पिशवीत काही नव्हतं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मग ते दोघं गेले आणि डॉक्टर जमिनीवर बसले.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी डबा घासला, त्यात गूळ भरला आणि मगदुमांच्या वस्तीवर गेले.

मगदूम गोठ्यात होते. डॉक्टरांनी डावीकडून हाक मारली तेव्हा ते वळले. डॉक्टर उजवीकडं येऊन बोलायला लागले, तेव्हा मगदूम वळलेच नाहीत.

“हिकडच्या बाजूला या,” ते थोड्या वेळानं म्हणाले. “त्या कानात आजून शिट्टी वाजतीया.”

डॉक्टरांनी डबा पुढं केला. दोन्ही हातांनी.

“माझं चुकलं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग ते गव्हाणीला टेकून लहान मुलासारखे रडले.

मगदुमांनी त्यांना थांबवलं नाही. रडून झाल्यावर तांब्याभर पाणी दिलं.

“मी भ्यालो न्हाई असं नव्हं,” ते म्हणाले. “घरी आल्यावर पाय लटलटत होतं. म्हातारीला बी सांगितलं न्हाई. पर गाय आडली हुती. आता येताना वाटंवरनंच हाक मारीत येतो, डाक्टर. तुमी बी ‘कोण’ म्हणून इचारत जावा.”

बुधवारी सकाळी डॉक्टर मिरजेला गेले. उस्तादांनी काही विचारलं नाही. मेण गरम करून ठेवलेलं होतं.

“गाईच्या आत हात घालताना हात कसा असतो?” ते म्हणाले.

डॉक्टरांनी दाखवला. पाची बोटं जुळवलेली, मनगट सैल.

“आवळत नाही?”

“आवळला तर गाईला फाडेन.”

“हात तसाच उघडा आणि धरा.” उस्तादांनी मेण लावलेलं रिव्हॉल्व्हर पुढं केलं.

डॉक्टरांनी धरलं. मेण जिथल्या तिथं राहिलं. करंगळीचा ठसा उमटला, तळव्यावरची जुनी जखम उमटली, अंगठ्याच्या मुळाशी मांस कुठं उंच आहे तेही उमटलं. उस्तादांनी तो ठसा बराच वेळ न्याहाळला. चापाभोवतीच्या कडीमागं किती भर घालायची, मूठ किती लांब करायची, ते पेन्सिलीनं मेणावरच आखलं.

“उद्यापर्यंत होईल?”

“नाही. शिसवी लाकडाला घाई चालत नाही.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी ते न्यायालयात गेले. ते दोघं बाहेर झाडाखाली मोटरसायकलवर बसले होते. डॉक्टर त्यांच्यासमोरून चालत गेले. पायऱ्या चढताना एकदा ठेच लागली. पण पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी जे बघितलं होतं ते सगळं सांगितलं. समोरच्या वकिलानं दीड तास उलटसुलट विचारलं. सांगितलेलं बदललं नाही.

बाहेर आले तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. त्यामुळं त्यांना बरं वाटलं असं नाही. घरी जाताना ते सारखे गाडीच्या आरशात मागं बघत होते.

शनिवारी मूठ तयार झाली. काळसर शिसवी, घोटून तेल पाजलेली. चक्रीच्या कडांचे खड्डे उस्तादांनी साफ करून दिले होते. सरावात ठोका चक्रीवर पडू नये म्हणून त्यांनी आठ उडवलेली, रिकामी काडतुसं वेगळ्या डबीत घालून दिली.

डॉक्टरांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. करंगळी लाकडावर टेकली. बोटाचं टोक चापावर जिथं यायचं तिथंच आलं. नळी तसूभर हलली नाही. त्यांनी ते खाली ठेवलं, डोळे मिटून पुन्हा उचललं. हात आपोआप बसला.

कित्येक दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

“उस्ताद, हे माझंच हाड असल्यासारखं वाटतंय.”

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी ते डॉक्टरांच्या हातातून काढून घेतलं, फडक्यात गुंडाळलं, गाठ मारली, आणि ती पुडी आपल्याच मांडीवर धरून बसले...

डॉक्टरांनी हात पुढं केला. उस्तादांनी एका हातानं तो मोठा पंजा धरला आणि दुसऱ्या हातानं पुडी त्यावर ठेवली.

“आता ही चुकणार नाही, डॉक्टर,” ते म्हणाले. “जपून भ्या.”