गोरखचिंचेचा पट्टा

कारवीपाड्याच्या विहिरीवर एक गोरखचिंच आहे. सहा माणसांच्या कवेतही मावायचं नाही, असं तिचं खोड. त्या खोडावर बुटक्या म्हातारीच्या खांद्याएवढ्या उंचीवर नखांच्या ओरखड्यांचा एक पट्टा दिसतो. पाहुण्यांना वाटतं, हे कुठल्या तरी जनावराचं काम. मग गावचे कैतानआबा मिशीत हसून म्हणतात, "जनावर नाय हो, आमच्या आज्या!"

असं सांगतात की, तेव्हा वसईवर पोर्तुगीज फिरंग्यांचं राज्य होतं आणि त्यांच्या गादीवर स्पेनचा राजा बसला होता. जमिनी मिळत त्या तीन जिवांच्या पट्ट्याने. पहिला जीव घेणाऱ्याचा, दुसरा त्याच्या बायकोचा, तिसरा ती दोघं नाव देतील त्याचा. तिसरा जीव गेला की जमीन सरकारजमा. गलबतं बांधणाऱ्या जुवांव सुताराला ही विहिरीची वाडी अशीच मिळाली होती. पण तिसरं नाव घालण्याआधीच तो तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली एकटी इनासबाय.

तिचा दीर बस्त्याव लगेच दारात हजर. "वयनी, माझ्या पोराचं नाव घाल. जमीन घरातच राहील." बोलणं गोड होतं, पण त्याच्या उसाला पाणी हवं होतं, हे इनास जाणून होती. विहिरीला कुंपण पडलं असतं आणि पाड्यातल्या अकरा घरांच्या घागरी कोरड्या राहिल्या असत्या. नाव द्यायची मुदत संपत आली, तशी तिची अन्नावरची वासना उडाली.

शेवटच्या दिवशी ती किल्ल्यात गेली. कारकुनाने विचारलं, "तिसरा जीव कोण?"

"विहिरीवरचं झाड," इनास म्हणाली. "माझ्या नवऱ्याने लावलंय."

एका हबशी खलाशाने दिलेल्या बीचं ते रोप तेव्हा जेमतेम गुडघ्याएवढं होतं. कारकुनाची हसून पुरेवाट झाली. "बाय, पुढच्या वर्षी तुझ्या वारसाला बकरी खाऊन जाईल!"

"खाऊ दे. तू लिही."

त्याने गंमत म्हणून लिहिलं आणि वर राजाची मोहर ठोकली. बिचाऱ्याने हे झाड मोठं झालेलं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून बरं.

पुढे वीस-बावीस वर्षांनी हुकूम निघाला: तिसरे जीव हजर करा, नसेल त्याची जमीन जाईल. बस्त्यावने न्यायाधीशाला वाडीवर आणलं ते नेमकं चैत्रात. झाडावर औषधालाही पान नव्हतं. "मेलंय, सायबा," तो म्हणाला. पाड्यातल्या बायका घागरी घेऊन जागीच थिजल्या. न्यायाधीशाने टाक दौतीत बुडवला.

 पण दर उन्हाळ्यात झाड असं उघडं होतं, हे इनासला ठाऊक होतं. पाठीत वाकलेली ती म्हातारी पुढे झाली आणि तिने अंगठ्याचं नख खोडावर ओढलं. राखी सालीखाली हिरवीगार ओल निघाली. "आहे," ती म्हणाली.

न्यायाधीशाने स्वतः बोट लावून पाहिलं. "आणि हे मरणार कधी?" त्याने विचारलं. तेव्हा त्याच्या पदरचा हबशी शिपाई म्हणे खो-खो हसला. "आमच्या मुलखात ते अजून कुणी पाहिलं नाही, हुजूर."

न्यायाधीशाने दस्तावर 'जिवंत' असा शेरा मारला. इनास झाडाला टेकून पोटभर रडली. मग उठून तिने पहिली घागर ओढली आणि तहानेने घसा कोरडा पडलेल्या बस्त्यावच्या ओंजळीत पाणी ओतलं.

पुढे फिरंगी गेले, मराठे आले, इंग्रज आले आणि गेले. मोहरेचा तो कागद तर वाळवीनेच खाल्ला. आजही कारवीपाड्यात कुठल्याही घरची वाटणी असली की वकील आधी विहिरीवर येतो. घरातली सर्वांत थोरली बाई खोडावर नख ओढते, खालचा हिरवा रंग सगळ्यांना दाखवते आणि म्हणते, "आहे." मग घरदार, शेत, भांडीकुंडी सगळं वाटलं जातं. विहिरीचं नाव कुणी काढत नाही, कारण तिचा वारस अजून जिवंत आहे.