दोन कोरी पानं

"अण्णा, मग प्रस्तावना देताय ना? संध्याकाळी छपाई सुरू व्हायचीय."

पारीसअण्णा बांधावर बसले होते. ते धैर्यशीलच्या पुस्तकाची कच्ची प्रत चाळत होते. पान उलटताना बोटाला जीभ लावायचे, आणि तेवढ्या वेळात धैर्यशील मनगटावरचं घड्याळ बघायचा.

तासगावकडची ही गोष्ट. धैर्यशील नऊ वर्षं अण्णांच्या द्राक्षबागेत शिकला आणि मग सल्लागार म्हणून स्वतंत्र झाला. मोटरसायकलवरून गावोगाव हिंडायचा, पण नव्या गावात बागायतदार त्याला आधी खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे. तुम्ही कोण, कुठले, कुणाची बाग केली... पुस्तक असलेल्या माणसाला हे कुणी विचारत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं आणि ते त्याच्या मनात बसलं. प्रकाशकाच्या दारात ताटकळायला वेळ कुणाला होता? त्यानं स्वतःच काढायचं ठरवलं. बावीस प्रकरणं लिहिली.

सुरुवातीची दोन पानं मात्र कोरी ठेवली होती. ती अण्णांसाठी. अण्णांनी मान हलवली की अख्खा तालुका मान हलवायचा.

"झकास झालंय," अण्णा म्हणाले. "फोटो पण मोठा टाकलायस. गॉगल कुणाचा?"

"माझाच, अण्णा."

"आणि फोन नंबर किती ठिकाणी हाय?"

"प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी. लोकांना शोधत बसायला नको म्हणून..."

"म्हणजे बावीस वेळा."

धैर्यशील कसनुसा हसला.

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. बाग ऑक्टोबरच्या छाटणीला आली होती. त्यांनी एका वेलीची काडी कापली आणि त्याच्या हातात दिली. काडीवर ओळीनं डोळे होते; त्यातल्याच एखाद्या कोंबात पुढचा घड दडलेला असतो.

"कितव्या डोळ्यात घड हाय, सांग."

धैर्यशीलची छाती फुगली. हा तर त्याच्या हातचा मळ होता. त्यानं खिशातून पातं आणि भिंग काढलं.

"असं न्हाई. न बघता सांग."

"न बघता कसं सांगू, अण्णा? प्रत्येक बागेचं वेगळं असतं. डोळा चिरून बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही. नवव्या प्रकरणात सविस्तर दिलंय मी."

"वाचलं. चांगलं लिहिलंयस." अण्णा थांबले. "हे तू शिकलास कुठं?"

...

धैर्यशीलची नजर आपोआप विहिरीकडे गेली. विहिरीजवळच्या वेलींच्या सहा ओळी.

त्या वर्षी अण्णा पाहुण्यांच्या लग्नाला गेले होते आणि पहिल्यांदाच कात्री त्याच्या एकट्याच्या हवाली केली होती. शेजारच्या बागेत पाचव्या डोळ्यावर छाटतात, म्हणून यानंही पाचव्यावर छाटलं. डोळा चिरला नाही, भिंग लावलं नाही. घड होता सातव्यात, तो कापून गेला. तीन आठवड्यांनी सगळा मांडव हिरवागार झाला, आणि सहा ओळींत मिळून मूठभर घडसुद्धा दिसेनात. नुसता पाला. त्या वर्षी तो विहिरीकडे पाणी प्यायलासुद्धा जात नव्हता.

"ते पुस्तकात न्हाई," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ते कसं घालू?" त्याचा आवाज चढला. "पुस्तक काढलं कशासाठी? लोकांनी विश्वासानं बोलवावं म्हणून. यानं गुरूच्या सहा ओळी घालवल्या, हे वाचल्यावर मला बांधावर तरी कोण उभं करेल? घरदार आता याच्यावर चालायचंय माझं!"

"त्या साली बागायतदारांच्या मेळाव्यात मी काय बोललो, ध्यानात हाय?"

होतं. कसं विसरणार? अण्णा माईकवर उभे राहून म्हणाले होते, माझ्या बागेत, माझ्या कात्रीनं सहा ओळी गेल्या, तुम्ही डोळा बघितल्याशिवाय छाटू नका. शिष्याचं नावही घेतलं नव्हतं. शेवटच्या रांगेत बसलेल्या धैर्यशीलला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"दुसऱ्या दिवशी काय झालं?"

धैर्यशील आठवू लागला. सकाळी चहाचं आधण तीनदा ठेवावं लागलं होतं. अंगणात चपलांना जागा उरली नव्हती. कधी न फिरकलेली माणसं हातात काड्या घेऊन आली होती... आमचीपण जरा बघा, अण्णा.

त्यानं पातं आणि भिंग परत खिशात ठेवलं.

"पेन हाय?" अण्णांनी विचारलं.

त्यानं पेन पुढे केलं. अण्णांनी ते घेतलं नाही, दोन कोरी पानं उघडून प्रत त्याच्याच मांडीवर ठेवली.

"ही पानं माझी म्हणालास न्हवं? मग मी सांगतो त्यानं लिहायचं. त्या सहा ओळींचं."

धैर्यशीलनं बांधावर बसून लिहिलं. आधी हात जड होता, मग भरभर चालायला लागला. लिहून झाल्यावर त्यानं प्रत पुढे केली.

अण्णांनी पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचलं. "एका नवशिक्या तरुणानं..." त्यांनी मान वर केली. "ह्याला नाव ठेवायचं राहिलं वाटतं घरच्यांचं?"

धैर्यशीलला हसू आलं. किती वर्षांनी, त्या सहा ओळींच्या नावानं पहिल्यांदाच. त्यानं ते शब्द खोडले आणि आपलं नाव लिहिलं. गावासकट.

मग तो उठला आणि विहिरीवर जाऊन पोटभर पाणी पिऊन आला.

परत आला तेव्हा अण्णांनी त्या मजकुराखाली सही केली होती. बाकी एक अक्षरही वाढवलं नव्हतं.

"झाली प्रस्तावना?" त्यानं विचारलं.

"झाली. आता ते बावीस नंबर खोड," अण्णा कात्री उचलत म्हणाले. "आणि एक ह्या पानाखाली लिही."