अंगठ्याखालची जागा

“आणि सळई वाकवलीस कशानं?” गणोरकर सरांनी विचारलं.

“जीपच्या पान्यानं, सर. मग निर्जंतुक केली.”

निवृत्त सर्जन असलेले सर ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होते. हात काही थांबला नाही.

डॉ. तुषार मडावी त्यांच्या शेवटच्या तुकडीतला, सगळ्यात लाडका. आज स्वारी हवेत होती. आणि का नसावी? मध काढताना झाडावरून पडलेला चैतू, मोडलेला कणा, पुरानं बंद झालेला रस्ता आणि तालुक्याचं एवढंसं हॉस्पिटल. मणक्याचे स्क्रू तिथे कुठून येणार? मांडीच्या हाडासाठी ठेवलेल्या सळईची त्यानं चौकट केली. गुडघ्याच्या वाटीला लावतात ती तार एकेका मणक्याखालून ओवली, पिळली आणि मोडका कणा चौकटीला बांधून टाकला. चैतू आता काठी टेकत चालत होता.

“नागपूरच्या परिषदेत मांडतोय, सर. मडावी पद्धत म्हणून. तुम्ही हो म्हणालात तरच.”

सरांनी हात पुसले आणि एक्स-रे मागितला. तुषारनं तो स्वतःच उजेडात धरला.

“अंगठा काढ.”

…

चेहरा उतरलेल्या तुषारनं अंगठा बाजूला केला. अंगठा होता तिथल्या मणक्याला तार नव्हती. पडलेल्या दातासारखी ती जागा डोळ्यांत भरत होती.

मग खालच्या आवाजात त्यानं सगळं सांगितलं. नसांवर लक्ष ठेवणारं यंत्र नव्हतं, म्हणून सरांनीच शिकवलेली जुनी रीत वापरली. ऐन ऑपरेशनमध्ये भूल हलकी केली, चैतूला त्याच्या माडिया बोलीत हाक मारली आणि पायाची बोटं हलवायला सांगितलं. उजवी हलली. डावी हलेनात. नुकतीच पिळलेली तार सगळ्यात देखणी बसली होती, ओवताना घाम काढला होता तिनं. तीच त्यानं कापून काढली. पुन्हा हाक मारली…

डावी बोटं हलली.

“तेवढं एक अपुरं राहिलं, सर. मोठ्या शहरांतले लोक हसतील, म्हणून…”

सरांनी एक्स-रे जवळ ओढून ती जागा पाहिली. त्यांचे डोळे भरून आलेले तुषारनं आजवर कधी पाहिले नव्हते.

त्यांनी तुषारच्याच खिशातलं पेन काढलं, त्याच्या हातात दिलं आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

“तुझं नाव इथे लिही.”