यवनाने पदरचे घातलेले दात

शूर्पारक बंदरावर राजा वीरसोमाची सत्ता होती त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या डोंगरातल्या रानात खवल्या मांजराच्या जन्माला आला होता. मुंग्या-वाळवी खावी, दिवसा बिळात निजावे आणि कोणी अंगावर आलेच तर वेटोळे करून पडून राहावे, एवढाच त्याच्या गोतावळ्याचा संसार. माणसांच्या दृष्टीस ते सहसा पडत नसत.

एकदा दियोन नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, चित्रकार गलबतातून तिथे उतरला. परमुलखातले प्राणी फळ्यांवर रंगवून मायदेशी न्यायचे, हे त्याचे काम. पहाटे रानात त्याला बोधिसत्त्व दिसला. दिसला म्हणजे काय, खवल्यांचा गोळा दिसला. खवले त्याने हुबेहूब उतरवले. पण त्याच्या देशात अपुरे चित्र लाजिरवाणे मानीत. मग तोंडाचे काय करावे? खलाशी म्हणाले, "अहो, ते मगरीच्याच जातीचं!" उचलली जीभ लावली टाळ्याला. दियोनाने मगरीचा जबडा काढला आणि दात भरताना हात मुळीच आखडला नाही.

त्याच सुमारास धनगरांची कोकरे नाहीशी होत होती. राजाने चित्र पाहिले मात्र, तो गरजला, "हाच तो चोर! रानात एकही शिल्लक ठेवू नका." तो स्वतः भालेकऱ्यांसह निघाला आणि वाट दाखवायला त्याने दियोनाला चित्राच्या फळीसह पुढे घातले.

बोधिसत्त्व बिळाच्या तोंडाशी वेटोळे करून पडला होता. आत पिल्ले होती. तसाच पडून राहता तर तो एकटा कदाचित वाचलाही असता. पण बीळ खणले जाणार, हे त्याला कळत होते. दियोनाच्या हातातल्या फळीवरचा जबडाही त्याने खवल्यांच्या फटीतून पाहिला. त्याने मनाशी म्हटले, 'भयाने मीच तोंड लपवले. या माणसाला ते दिसणार कसे?'

मग भाल्यांसमोर त्याने वेटोळे सोडले. त्याचे मऊ पोट उघडे पडले.

तो म्हणाला, "चित्रकारा, माझी पाठ तू खरी काढलीस. आता तोंडही बघून घे. भिऊ नकोस, बोट घाल."

दियोनाने करंगळी आत घातली. दात एकही नव्हता. नुसत्या मऊ हिरड्या आणि मुंग्या चिकटलेली लांब जीभ! त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो भाल्यांच्या आडवा उभा राहिला.

"मग एवढे दात आले कुठून?" राजाने विचारले.

"माझ्या पदरचे, महाराज. मारायचंच असेल तर मला मारा."

राजाने भाले खाली करवले आणि त्या रानाला अभय दिले. कोकरे बिबट्या नेत होता, हे मागाहून उघड झाले. दियोनाने फळीवरचा जबडा खरवडून खरे तोंड काढले. पुढे जे दिसले नाही तिथे तो फळी कोरी ठेवी. मायदेशी लोक हसले. त्याने हसू दिले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, ऐकीव गोष्टीवरून काल सोबत्याला चोर ठरवणारा हा सुप्पिय तेव्हा दियोन होता. बिळातली पिल्ले तुम्ही होता आणि ते खवल्या मांजर मी होतो." सुप्पियाने उठून त्या सोबत्याचे पाय धरले.

मारायला आलेल्यापुढेही मऊ पोट उघडे करते, ती मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेली मैत्री.